एकतीस सूचनांची वही

४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्याला हो म्हणतेस. शिवाय मागे तुझं ते कागद कापायचं यंत्र धडाडत असतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

काल भिंगरीचं अपंगत्वाचं नवं प्रमाणपत्र आलं. कागद वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. आजवर कागदावर ‘मध्यम’ होती, आता ‘तीव्र’ लिहून आलंय. तुला आठवतं ना, ती सात वर्षांची असताना त्या टकल्या डॉक्टरांनी तिला ठोकळे लावायला दिले होते, चित्रं दाखवली होती आणि शेवटी एक आकडा सांगितला होता, सत्तेचाळीस. त्या आकड्यावरून मध्यम. तेव्हा शब्दही मतिमंद असा होता. शेजारच्या पोरांनी तो शिवीसारखा वापरायला घेतला, तेव्हा तिच्या बाबांनी त्यांच्या घरी जाऊन केवढा तमाशा केला होता! आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. शब्द बरा आहे, पण वाचताना मला अजून ती शेजारची पोरंच आठवतात.

या वेळची मानसशास्त्रज्ञ बाई तरुण आहे. मोठा गोल चष्मा लावते, म्हणून भिंगरीने तिचं नाव चष्मेवाली ठेवलंय. तिने मला नीट समजावलं. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र या पायऱ्या आहेतच, पण आता नुसत्या आकड्यावर त्या ठरवत नाहीत. माणूस रोज काय करतो ते बघतात. वाचणं, मोजणं, वेळ कळणं हे एक. चार माणसांत वागणं-बोलणं हे दुसरं. आणि आपलं आपण आवरणं, कपडे, खाणंपिणं, दुकानात जाणं हे तिसरं. मग माझ्यापुढे प्रश्नांचा भलामोठा कागद. बटणं लावते का, चहा करते का, एकटी दुकानात जाते का. मी अगदी खरं खरं सांगितलं. नाही, नाही, नाही. आकडा म्हणे आजही जवळजवळ तोच आहे, पण या उत्तरांनी पायरी बदलली.

तुझ्या गल्लीमागच्या सहनिवासात मी तिचं नाव लावलंय, ते तुला माहीतच आहे. आठ जणी, दिवसा काम, रात्री मदतीला एक बाई. नोव्हेंबरअखेर एक जागा रिकामी होतेय. पण तिथे सौम्य आणि मध्यम एवढ्यांनाच घेतात. तीव्र असलेल्यांसाठी गावाबाहेरचं मोठं केंद्र. मी जाऊन पाहून आले. स्वच्छ आहे, माणसंही वाईट नाहीत, पण सगळी एका हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलेली होती आणि फाटकाला कुलूप होतं. मी सहासष्ट वर्षांची झाले गं, आणि ती अवघी चोवीसची. माझ्यामागे माझी पोर त्या भिंतीला टेकून बसणार, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

त्यात हे गुडघे. दोन्हींचं ऑपरेशन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलंय. सहा आठवडे तिला सांभाळशील का? काळजी करू नकोस, मी वही लिहून देते आहे. आत्तापर्यंत एकतीस सूचना झाल्यात.

लोभ आहेच, पण या खेपेला तो जरा जास्त लागेल.

तुझी,
ताई

*

११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांभाळशील का म्हणून विचारतेस? तुला बोलायला काही वाटत नाही का? भिंगरीला खुशाल पाठव. वरची खोली झाडून ठेवलीये, आणि खिडकीतून कुंभाराचं अंगण दिसतं, तेव्हा तिला दिवसभर करमणूक.

एकतीस सूचना मात्र ऐकून मला घाम फुटला. मी हे पुस्तकबांधणीचं दुकान घेतलं तेव्हा जुन्या मालकाने मला तीनच सांगितल्या होत्या: खळ पातळ करू नकोस, सुया मोजून ठेव, गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचत बसू नकोस. तिसरी मी रोज मोडते.

कागदाचं वाईट वाटलं. पण एक विचारू? त्या बाईने काय विचारलं होतं, भिंगरी चहा करते का, की तिला करता येतो का? रागावू नकोस, सहज मनात आलं. आपल्या आईला पोहता यायचं, पण आपण तिला पाण्यात कधी पाहिलं नाही.

गुडघ्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी तुझं वजन आणि हट्ट दोन्ही इतकी वर्षं पेलली.

तुझी तीच वात्रट,
धाकटी

*

९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन छान झालं, तू दुसऱ्याच दिवशी नर्सला शिस्त लावलीस, हे कळलं. म्हणजे आता तुला खरं सांगायला हरकत नाही. आधी पाणी पी, मग पुढे वाच.

तुझी वही हरवली. हरवली म्हणजे, कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे, पण काढता येत नाही. भिंगरी आली त्या संध्याकाळी मी वहीचं पहिलं पान वाचलं आणि ती टेबलावर ठेवली. त्याच टेबलावर वाचनालयाच्या बागकामाच्या मासिकांचा वर्षभराचा गठ्ठा होता. आकार तोच, जाडी तीच. सकाळी घाईत मी सगळं शिवलं, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला, कडा कापल्या आणि माल रवाना. त्यामुळे सध्या वाचनालयात गुलाबाची कलमं कशी करावीत, यानंतर आणि कुंड्यांतल्या मातीच्या आधी, भिंगरीचा मोजा आधी डाव्या पायात घालावा, अशी माहिती उपलब्ध आहे. आणि माल पोचला त्याच संध्याकाळपासून वाचनालय डागडुजीसाठी दोन महिने बंद. तू त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर होतीस. तुला कोणत्या तोंडाने कळवणार?

मग मी एक केलं. मला काही अडलं की भिंगरीलाच विचारायला लागले.

चहा कोण करतं, असं विचारल्यावर तिने ऐटीत स्वतःकडे बोट दाखवलं. मी बापडी विश्वास ठेवून बसले. पहिल्या दिवशी चहात मीठ, दुसऱ्या दिवशी चहाच नाही, नुसतं गरम दूध. तिसऱ्या दिवशी मी साखरेच्या डब्याला लाल दोरा बांधला, आणि तेव्हापासून दुकानात चार वाजता सगळ्यांना चहा मिळतो. एकदा बोटाला चटका बसला, तोही कळवते, लपवत नाही. मलम लावलं. आता ती भांडं फडक्याने धरते आणि मलाही धरायला लावते.

आणि आता जे लिहिते आहे ते दोनदा वाच. पुस्तक शिवायच्या आधी सगळे फर्मे, म्हणजे छापून घड्या घातलेले पानांचे जुडगे, क्रमाने रचावे लागतात. प्रत्येकाच्या घडीवर एक काळा चौकोन छापलेला असतो, पुढच्याच्या घडीवर तो जरासा खाली. रचणं बरोबर असलं की पाठीवर काळा जिना उतरतो. एखादा फर्मा राहिला किंवा उलटापालटा झाला की जिन्याची पायरी तुटते. मी पंचवीस वर्षं हे काम करते आणि शंभरात दोन तरी माझ्या नजरेतून सुटतात. भिंगरीला मी गंमत म्हणून जिना दाखवला. तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही, पानावरचा आकडा वाचता येत नाही. पण ताई, गेल्या आठवड्यात तीनशे चाळीस प्रती तिच्या हाताखालून गेल्या, आणि तिने सात बाजूला काढल्या. सातही चुकलेल्या होत्या. मी मागून पुन्हा सगळ्या तपासल्या, मला आठवी सापडली नाही. छापखानेवाला स्वतः बघायला आला आणि त्याने सातही प्रती उलटून पाहिल्या. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तिला तर त्याहून. संध्याकाळी रस्त्यातल्या चांभारालाही जिना समजावून सांगत होती.

लोभ असू दे, आणि राग आला असेल तर तोही टपालानेच पाठव.

तुझी अपराधी,
धाकटी

*

१७ सप्टेंबर

धाकटे,

मायना लिहायची इच्छा नाही.

वही हरवलीस, त्याचं मला हसू आलं असतं. पण चटका? विस्तवापाशी तिला एकटं सोडलंस? एकवीस वर्षं मी तिला गॅसपाशी फिरकू दिलं नाही, ते काय मला हौस होती म्हणून? ती तीन वर्षांची असताना गरम भांडं अंगावर ओढून घेतलं होतं, ती रात्र तू पाहिली नाहीस, मी पाहिली आहे. आणि आता तू सहज लिहितेस, मलम लावलं.

दुसरंही बोलून टाकते. तुझं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. नर्सला जिन्याचं वाचून दाखवलं तेव्हा झालाही. पण मग एकटी पडल्यावर वाटलं, याचा अर्थ काय? तिची पायरी मीच उतरवली? मी तिच्या हातातलं काम काढून घेत राहिले आणि वर त्या बाईपुढे बसून म्हणाले की हिला येत नाही? माझ्या हातून तिचं नुकसान झालं असेल तर सरळ लिही. आडपडद्याने बोलू नकोस.

ताई

*

२४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चटक्याची चूक माझी. पहिल्या दिवशी मी शेजारी उभं राहायला हवं होतं. तेवढ्यासाठी तू मला वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन.

दुसऱ्याचं उत्तर सरळ मागितलंस म्हणून सरळ देते. तू खोटं बोलली नाहीस. तिने चहा केला नव्हता, म्हणून करत नाही असं सांगितलंस. तुझ्या घरात तिच्या आधी तुझाच हात पोचतो गं. तिने बटणाकडे बघायच्या आत तू लावून मोकळी. पण याच हातांनी तू तिला बोलायला शिकवलंस. तो टकला डॉक्टर म्हणाला होता ही वाक्य बोलणार नाही, आणि आज ती चांभाराचं डोकं खाते. वळण तर काय विचारू नकोस. आल्यागेल्याला पाणी, मोठ्यांदा हसली की तोंडावर हात. ते काही मी या तीन आठवड्यांत केलेलं नाही. माझ्याकडे तयार भिंगरी आली, मी फक्त वही हरवली.

आणि मी चमत्कार विकत नाहीये, हेही ऐक. पैसे तिला कळत नाहीत. नाणं मोठं ते जास्त, असा तिचा हिशेब. दोन गल्ल्या सोडून दोऱ्याचं दुकान आहे. तिथे ती नऊ वेळा एकटी गेली आणि आली. दहाव्या वेळी मधला रस्ता खणलेला होता. दुसऱ्या बाजूने वळून जावं, हे तिला सुचलं नाही. अर्धा तास अडसरापाशी रडत उभी होती, मी शोधत गेले तेव्हा सापडली. त्या अर्ध्या तासात माझं काय झालं, ते तुला सांगायला नको. तेव्हा मदत तिला लागणारच, जन्मभर लागणार. फक्त कुठे लागते आणि कुठे नाही, ते आपण दोघींनी नीट बघितलं नव्हतं.

मी चष्मेवालीला सविस्तर लिहिलंय. तिचं उत्तर आलं, फेरतपासणी मागता येते. पण मी सांगून भागणार नाही. तू आई आहेस, ती तुलाच विचारणार. तेव्हा भिंगरी घरी आली की दोन आठवडे हात पाठीमागे बांधून नुसती बघ. तुला जमेल का, त्याचीच मला शंका आहे.

रागातही माझीच असशील, या भरवशावर,
धाकटी

*

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

मायना परत आला, बघितलंस का?

हात बांधायची गरजच पडली नाही. गुडघे वाकत नाहीत आणि काठी सोडता येत नाही, त्यामुळे मी खुर्चीत खिळलेली. भिंगरी आली, तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि दुसऱ्या सकाळी माझे मोजे घेऊन समोर बसली. आधी डावा पाय मागितला. डावाच! मग उजवा. मला रडू यायला लागलं तर ती मला दटावून म्हणाली की हलू नकोस. डब्याला लाल दोरा तिने स्वतः बांधला. चहा तुझ्यापेक्षा बरा करते.

काल फेरतपासणी झाली. तोच लांबलचक कागद. या वेळी मी प्रत्येक प्रश्नाला थांबले. काहींना हो म्हणाले, काहींना शेजारी कुणी असलं तर, आणि काहींना नाही. पैशाला नाही. नव्या रस्त्याला नाही. ते नाही म्हणतानाही मला मागच्यासारखं लाजल्यासारखं झालं नाही. चष्मेवाली आमच्या घरीही येऊन गेली. मागच्या वेळी नुसतं आईला विचारून भागवलं, स्वतः बघायला हवं होतं, हे तिने मोकळेपणाने कबूल केलं. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, ती तुला जशीच्या तशी लिहिते. ती म्हणाली, ही पायरी म्हणजे पोरीची किंमत नव्हे. तिला कुणाचा किती हात लागेल, याचा तो अंदाज आहे. आपण हात कमी-जास्त केला की तो पुन्हा बघावा लागतो.

शेवटी तिने भिंगरीलाच विचारलं की तू काय करतेस. मी तोंड उघडणार होते, पण ओठ दाबून धरले. भिंगरीने टेबलावरचे कागद ओढले, थोडेथोडे सरकवून त्यांचा जिना केला, एक मधूनच काढून घेतला आणि बाईंना विचारलं की काय चुकलंय ते ओळखा. चष्मेवालीला ओळखता आलं नाही! मी इतकी मोठ्याने हसले की बाहेरची माणसं डोकावली.

कागद आज हातात आलाय. मध्यम. आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात सतरा वर्षं नुसती रेघ असायची. तिथे आता लिहिलंय: पुस्तकबांधणीत फर्मे तपासते. मी तेवढंच चार वेळा वाचलं. लगेच सहनिवासाला फोन केला. तीस तारखेला बोलावलंय, त्यांची बाई न्यायला येईल.

तिला दिवसा तुझ्या दुकानात ठेवशील ना? हे विचारायला नको, पण विचारते.

तुझी,
ताई

*

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छापखानेवाला रोज विचारतो की तुमची तपासनीस कधी येणार. मी त्याला सांगितलंय, तिचा पगार ठरवून ठेव, मग विचार. खुर्चीवर नवी गादी घातलीये.

वाचनालय उघडलं. ग्रंथपाल स्वतः तो खंड घेऊन आले. त्यांनी सगळ्या एकतीस सूचना वाचल्या होत्या आणि कलमांच्या लेखांपेक्षा त्या बऱ्या वाटल्या म्हणाले. मी शिवण उसवून वही काढली. कडा कापल्या गेल्यात, पाठीला खळ आहे, पण अक्षर शाबूत आहे. सोबत पाठवते. टाकून देऊ नकोस, मला तिची गंमत वाटते.

तुझी कापाकापी करणारी,
धाकटी

*

३० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र टपालाने येणार नाही. भिंगरीच्याच हाती देते आहे. सहनिवासाची बाई खाली गाडीपाशी थांबली आहे, म्हणून घाईत लिहिते.

रात्रभर घर कसं लागेल याचा विचार करत होते, ते तुला सांगत बसत नाही. रविवारी येणारच आहे. पण मी रडून पाठवणी करते आहे असं समजू नकोस. मी आज फार खूश आहे, आणि जिन्यात भेटेल त्याला सांगते आहे की माझी मुलगी नोकरीला चालली.

वही सोबत आहे. काल आम्ही दोघी पेन घेऊन बसलो. मी एक एक सूचना वाचायची आणि जी नको असेल ती तिने खोडायची. सत्तावीस खोडल्या. काही ठिकाणी कागद फाटेस्तोवर खोडल्यात. चार राहिल्या, आणि त्या राहू द्यायच्या हे तिलाही पटलं: औषध तिला हातात द्यावं, पैसे तिच्या बरोबर कुणीतरी मोजावेत, नव्या रस्त्याने दोनदा सोबत जावं, आणि वीज कडाडली की तिच्याजवळ बसावं. ती वही सहनिवासाच्या बाईंना दाखव. एवढी मदत तिला लागते. याहून जास्त कुणी करायला आलं, तर त्यांना माझी गोष्ट सांग.

नववी सूचना तुला आठवते का? तू पहिलंच पान वाचलंस, तेव्हा नसेल. कोटाची बटणं आपणच लावावीत, तिला जमत नाहीत. आज सकाळी निघताना माझे हात सवयीने पुढे गेले. तिने ते धरले आणि काठीवर नेऊन ठेवले. मग आरशासमोर उभी राहिली. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं, पुढची सगळी तशीच. शेवटी खाली एक बटण उरलं. मी जीभ दाताखाली धरून उभी. तिने त्या उरलेल्या बटणाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, जिना तुटलाय असं म्हणाली, आणि सगळी काढून पहिल्यापासून लावली. अकरा मिनिटं लागली. खालून गाडीचा भोंगा दोनदा वाजला. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की थांबा.

ती आता तुझ्या दारात उभी असेल. आत घ्यायच्या आधी तिच्या कोटाकडे बघ. सहाही बटणं बरोबर आहेत. मी एकालाही हात लावलेला नाही.

तुझी,
ताई